तातूची लेक

सलामाबीबी अंगणात शिरली आणि गाणं मध्येच तुटलं!

ढोलकीवरचे हात जिथल्या तिथे थबकले. मेंदीचं भांडं घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या मान वर करून बघत राहिल्या. उद्याच्या नवरदेवाची आई ती, तिच्या स्वागताला ऊद पेटवलेला, गुलाबपाणी तयार ठेवलेलं... पण ती कुणाकडे न बघता अंगणभर सावकाश एक फेरी मारून आली, मुद्दाम पाठ दाखवत, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या कांग्याच्या वस्त्रावर छापलेली म्हण सगळ्यांना नीट वाचता यावी! पेम्बा बेटावर बाईला जे तोंडाने बोलायची लाज वाटते, ते ती कांग्याच्या काठावर बोलते. काळ्याभोर अक्षरांत तिथे लिहिलं होतं :

'सापाचं पिल्लू सापच.'

गुलाबपाण्याची सुरई घेऊन पुढे आलेली तातू, नवरीची आई, जागीच थांबली. हे पिल्लू म्हणजे कोण आणि साप कोण, हे त्या अंगणात सांगायची कुणाला गरज नव्हती. गेली वीस वर्षं वेते गावच्या बाजारात, विहिरीवर, लवंगा सुकवायच्या अंगणांत तिने हेच ऐकलं होतं... तातू, लग्नाआधी पोर पदरी घेऊन आलेली! तातू, जिच्या पोरीला बापाचं नाव नाही!

"या, सलामाबीबी," ती कसंबसं म्हणाली. "बसा."

"बसायला नाही आले मी. माझ्या हामदने हट्ट धरलाय म्हणून उंबरा ओलांडला. म्हटलं, लग्नाआधी सुनेला एकदा बघून घ्यावं... कुणासारखी दिसते ते! आईसारखी तर दिसत नाही. बापासारखी म्हणावी, तर बापाला कुणी पाहिलंय?"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. आणि चटईवर हात पसरून बसलेली वाहिदा, जिच्या तळव्यांवरची मेंदी अजून ओली होती, ती ताडकन उभी राहिली.

"आई!" तिचा आवाज चिरकला. "आज तरी सांग! माझा बाप कोण? लहानपणापासून एकच ऐकते, 'समुद्राने नेला'... समुद्राने नेलेल्या माणसाला नाव नसतं का गं? तू तोंड काळं केलंस आणि ते काळं माझ्या तोंडाला फासलंस! आज या भरल्या अंगणात माझी ही शोभा झाली ती तुझ्यामुळे! फक्त तुझ्यामुळे!"

तातूच्या काळजात सुरी फिरावी तसं झालं. तिची नजर आपोआप समोरच्या चटईकडे गेली, जिथे तिची धाकटी बहीण राया, मस्कतहून नवऱ्यासोबत खास लग्नासाठी आलेली राया, कोपरापर्यंत सोनं घालून बसली होती. राये... बोल! आता तरी बोल! त्या नजरेत विनवणी होती, आक्रोश होता.

रायाने मान खाली घालून बांगडी नीट केली. आणि मग, जणू भांडण मिटवायचं पुण्य घेते आहे अशा मऊ आवाजात म्हणाली, "जाऊ द्या हो, सलामाबीबी. सांडलेलं पाणी कुणाला परत भरता आलंय? ताईच्या हातून चूक झाली, खरंय. पण त्यात पोरीचा काय दोष?"

ताईच्या हातून चूक!

तातूने सुरई खाली ठेवली, रायाचं मनगट धरलं आणि तिला ओढत मागच्या चुलीपाशी नेलं. जाताना दोन बांगड्या वाकल्या, तरी तिने पकड सोडली नाही.

"ताई, दुखतंय..."

"दुखू दे! वीस वर्षांत एकदा तरी दुखू दे तुला! चूक माझी? माझी, राये? समुद्रापलीकडे तांगा गावी जाऊन काझीपुढे चोरून निकाह कुणी लावला होता? मी? बाबा कोळ्याला मुलगी देणार नाहीत म्हणून फाकी नाखव्याच्या गलबतातून लपून कोण गेलं होतं? मी?"

"हळू बोल गं, सैफ बाहेर ओट्यावर बसलेत..."

"त्याच सैफसाठी ना!" तातूचे डोळे कोरडे ठणठणीत होते. रागाने अश्रूसुद्धा जाळून टाकले होते.

तिला सगळं आठवलं. मासेमारीला गेलेला तो गरीब कोळी मबारक परत आला नाही, आणि राया पोटुशी. घरात लग्नाची कुणकुणसुद्धा कुणाला नव्हती. त्याच महिन्यात मस्कतच्या श्रीमंत घरातून रायासाठी मागणी आली, 'कुमारिका हवी' अशी अट घालून. आईला जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते. तेव्हा राया तातूच्या पायाशी लोळली होती, 'ताई, मला वाचव! नाहीतर मी विहीर जवळ करते!' तातू तिला घेऊन तांगाला मावशीकडे राहिली, आणि परतली ती आपल्या कुशीत मूल घेऊन. आईच्या कबरीवर हात ठेवून तिने शपथ घेतली होती, 'माझ्या तोंडून हे कधीच बाहेर पडणार नाही.' तातूशी वाङ्निश्चय झालेला मकामे, ज्याच्यासाठी तिने उशांचे अभ्रे भरून ठेवले होते, त्याने दुसऱ्याच दिवशी नारळाची परडी परत पाठवली. बाबा... ते मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी प्यायले नाहीत. शेवटच्या दिवशी घशाला कोरड पडली, तरी शेजारणीला हाक मारली त्यांनी!

"आई म्हणायची, राग म्हणजे तोटा," तातू म्हणाली. "म्हणून गिळत आले गं मी. मकामे गेला, गिळला. बाबांनी तोंड फिरवलं, गिळला. बाजारात माझ्या पाठीमागे थुंकले लोक, तेही गिळलं. काय वाचलं माझं? सांग! राग न करता माझं जेवढं गेलं, तेवढं रागाने तरी गेलं असतं का?"

राया तिच्या पायाशी बसली. "मी काय करू, ताई? त्यांना कळलं तर ते मला उभी ठेवणार नाहीत. माझ्या पदरी मूलबाळ नाही, घर नाही, तेवढा नवराच आहे... तू शपथ घेतली आहेस!"

"घेतली आहे. मोडणार नाही." तातूने तिचे हात पायांवरून झटकले. "पण शपथ मी घेतली होती, राये, तू नाही. तुझं तोंड मोकळं आहे... त्या तोंडाने तू आत्ता काय बोललीस ते अल्लाने ऐकलंय. आजपासून मला बहीण नाही!"

ती तडक खोलीत गेली. दोन कांगे, नमाजाची चटई, एवढंच गाठोड्यात बांधलं आणि अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली. बायांची कुजबुज थांबली.

"सलामाबीबी, ऐका! नागीण मी ना? मग नागीण चालली या घरातून, या बेटावरूनच चालली! संध्याकाळच्या बोटीने जाते. या पोरीच्या दारात पुन्हा माझी सावली पडणार नाही. तिच्या बाळंतपणाला येणार नाही, तिच्या मयताला येणार नाही, माझ्या मयताला तिला बोलवणार नाही. पण ही पोर सोन्यासारखी आहे. तिने कुराण पुरं केलंय, तिच्या हातचा भात खाऊन बघा, तिने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही... आजचं सोडून. मी गेले की पुन्हा कुणी तिला पिल्लू म्हणायचं नाही! म्हणाल तर माझा तळतळाट लागेल तुम्हाला! बोला, कबूल?"

सलामाबीबीला भांडण हवं होतं, शरणागती नव्हे. आणि ही तर शरणागती असून आगीसारखी भाजत होती! वाहिदाने आईचा राग आजवर कधी पाहिलाच नव्हता.

तातू दाराकडे निघाली. उंबऱ्यापाशी पोचते न पोचते तोच मागून धावत कुणीतरी तिला ओलांडून गेलं. राया! डोक्यावरचा पदर घसरलेला, केस सुटलेले. ती थेट बाहेरच्या ओट्यावर गेली, जिथे पुरुष कॉफी पीत बसले होते, जिथे तिचा नवरा सैफ पांढऱ्या झग्यात, हातात छोटा पेला धरून बसला होता.

"पाप ताईचं नाही!" ती किंचाळली. "वाहिदा माझी मुलगी आहे! माझी आणि मबारक कोळ्याची! काझीने लावलेला निकाह होता, हराम नव्हतं काही! मी लपवलं... मी मस्कतच्या सोन्यासाठी लपवलं, आणि माझ्या ताईने सगळं आयुष्य माझी बेअब्रू आपल्या अंगावर नेसली!"

कुणाच्या तरी हातून पेला निसटून फुटला. तो सैफच्या हातातला नव्हता. सैफने आपला पेला शांतपणे खाली ठेवला.

कोपऱ्यातून फाकी नाखवा काठी टेकत उठला. त्याचे डोळे पाणावले होते. "निकाह खरा आहे. साक्षीला मीच होतो. पण पोराचं मला ठाऊक नव्हतं रे बाबांनो... मला वाटलं, मबारकबरोबर सगळं बुडालं." तो रायाकडे वळला. "जो आजार लपवतो, त्याचा बोभाटा घरातली रडारड करते. तुझी आजी सांगायची ना, पोरी? किती उशिरा आठवलं तुला!"

सैफ उठला. त्याने बायकोकडे पाहिलं... फार वेळ पाहिलं. मग चपला पायात सरकवल्या आणि बंदराच्या वाटेने चालू लागला. रायाने त्याच्यामागे हात पसरले, पण पाय उचलला नाही.

"वाहिदा... लेकी..." तिने दारात उभ्या असलेल्या मुलीकडे वळून हात पुढे केले.

"लेकी म्हणू नका मला!" वाहिदाच्या तोंडून शब्द ठिणग्यांसारखे उडाले. "आणि तूही बोलू नकोस, आई! दोन हत्ती झुंजतात आणि मरतं गवत... गवताला विचारलंत कधी? तुमच्या शपथा, तुमच्या अब्रू! आणि मी? मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून या बाईला शिव्या दिल्या, जिने माझ्यासाठी..." ती रायाच्या पसरलेल्या हातांपाशी थांबली नाही. तातूच्या हातातलं गाठोडं तिने ओढून घेतलं, मेंदीचे ओले डाग त्या पांढऱ्या फडक्यावर उमटले, आणि ते गाठोडं छातीशी घट्ट धरून ती उंबऱ्यात फतकल मारून बसली.

"जा आता! बघते कशी जातेस ते! माझ्या अंगावरून जावं लागेल!"

तातूचा बांध तेव्हा कुठे फुटला. ती खाली बसली आणि पोरीच्या मस्तकावर कपाळ टेकून हुंदके देऊ लागली. "नाही जात गं... नाही जात..."

अंगणात सलामाबीबी हळूच कांगा सोडून उलटा नेसत होती. तातूने ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"उलटा केला तरी अक्षरं आरपार दिसतात, सलामाबीबी," ती म्हणाली. "घरी जाऊन बदलून या. उद्या लग्न आहे."

आणि ती खरंच बदलून आली! दुसऱ्या दिवशी निकाहाच्या वेळी काझीने मुलीच्या बापाचं नाव विचारलं, तेव्हा फाकी नाखव्याने खणखणीत आवाजात मबारकचं नाव घेतलं. तातू पडद्याआड उभी होती. ते नाव ऐकताना तिच्या अंगावर काटा आला. पण मनातली आग विझली नव्हती. बाबा... बाबांना हे कोण सांगणार होतं?

सैफ आदल्या संध्याकाळच्या त्याच बोटीने गेला होता. रायाची पेटी तेवढी धक्क्यावर ठेवून.

लग्नाचा मांडव उतरला, पाहुणे पांगले, वाहिदा सासरी गेली. राया मागच्या पायरीवर बसून राहिली होती, सोनं काढून ठेवलेलं, डोळे सुजलेले. तातूने दोन्ही दिवस तिच्यापुढे जेवणाचं ताट सरकवलं होतं, पण शब्द एकही टाकला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी वाहिदा नवऱ्यासह भेटायला यायची होती. तातूने तांदूळ धुतले, मासे साफ केले, आणि मग खोवणी उचलून धाडकन रायापुढे आदळली. वर एक फोडलेला नारळ.

रायाने दचकून वर पाहिलं.

"पाहुणी दोन दिवसांची," तातू म्हणाली. "तिसऱ्या दिवशी तिच्या हातात कुदळ द्यावी. कुदळ नाही घरात. ऊठ, नारळ खोव."

मग ती खोवणीवर बसली आणि खोवायला लागली. वीस वर्षं नोकरचाकरांनी भरलेल्या घरात राहिलेले हात ते. नारळ निसटत होता, किसात करवंटीचे काळे कण पडत होते.

"ताई..."

"हं."

"ती मला मावशीच म्हणेल ना गं?"

"मावशीच आहेस."

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं. तातूने लाकूड मागे ओढलं.

"तुझा राग गेला का, ताई?"

"नाही."

"जाईल?"

तातूने वाकून किसातले काळे कण बोटांनी वेचून बाहेर टाकले. "जाड पडतंय," ती म्हणाली. "बारीक खोव. पोर येईल इतक्यात."