भोपळ्याची साखर वाढली की उतरली?

सकाळी भोपळ्या नेहमीसारखा जेवला होता. इन्सुलिनही नेहमीइतकंच, नेहमीच्याच वेळी टोचलं होतं. मग दुपारी तो चालता चालता असा आडवा का झाला?

केतकीने हातातला डबा तसाच खाली टाकला आणि ती धावली. भोपळ्या म्हणजे तिचा केशरी, गुबगुबीत बोका. तो उठायचा प्रयत्न करत होता, पण मागचे पाय त्याला साथ देत नव्हते. डोळे उघडे होते, तरी तो तिच्याकडे बघत नव्हता.

"आजोबा! लवकर या! भोपळ्या पडला!"

केतकी कुबल राहायची ते घर जमिनीवर नव्हतं. मालवणच्या किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात पोलादी खांबांवर 'सागरशेत' उभं होतं. तिथे पाण्याखाली समुद्री शेवाळाची शेती चाले. केतकीची आई त्या शेतीची प्रमुख होती आणि आत्ता ती पाण्याखालच्या कक्षात कामावर होती. तिथून वर यायचं तर पाण्याच्या दाबामुळे हळूहळूच यावं लागे. घरात होते ते आजोबा आणि परिचर.

परिचर हा घरातल्या माणसांची आणि जनावरांची शुश्रूषा करणारा यंत्रमानव. भोपळ्याला मधुमेह असल्याचं कळल्यापासून सकाळ-संध्याकाळची इन्सुलिनची सुई तोच द्यायचा. त्याचा हात इतका हलका होता की भोपळ्या खाता खाता मानही वर करत नसे.

आजोबा आले आणि भोपळ्याजवळ गुडघे टेकून बसले. पूर्वी ते सागरी यंत्रांचे शास्त्रज्ञ होते, परिचरचा मेंदूही त्यांनीच जुळवला होता.

"परिचर, साखर किती आहे?"

"सांगता येत नाही," परिचर म्हणाला. "मानेवरचा साखरमापक (कातडीखालच्या द्रवातली साखर सतत मोजणारी चकती) त्याने काल खाजवून पाडला. नवा घेऊन येणारं ड्रोन वाऱ्यामुळे निघालेलं नाही."

"आणि ते रक्ताच्या थेंबावर चालणारं जुनं यंत्र?"

केतकीने ते केव्हाच कपाटातून काढलं होतं. तिने भोपळ्याच्या कानाच्या कडेला बारीकशी टोचणी लावली आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्राने आकड्याऐवजी फक्त बिघाडाची खूण दाखवली. दुसरी पट्टी घेतली, तेच. खाऱ्या हवेने पट्ट्या दमट होऊन वाया गेल्या होत्या.

"डॉक्टर फर्नांडिसना लावा ना!"

आजोबांनी किनाऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्याला संपर्क करून पाहिला. पडद्यावर नुसत्या रेघा हलत राहिल्या. वाऱ्याने मनोऱ्यावरचा अँटेना फिरला असावा.

तेवढ्यात परिचर बोलला. "निदान तयार आहे. सुरुवातीला भोपळ्या आजारी पडला, तेव्हाही त्याचे मागचे पाय असेच लुळे पडले होते. तेव्हा साखर फार वाढलेली होती. आजही साखर वाढलेली असण्याची शक्यता सर्वाधिक. जादा इन्सुलिन द्यावं लागेल. घरातल्या मोठ्यांची परवानगी हवी."

त्याच्या धातूच्या बोटांत सुई तयार होती.

आजोबा होकार द्यायच्या बेतात होते. भोपळ्याच्या अंगातून एक थरथर गेली. त्याचे पुढचे पाय पोहल्यासारखे हलू लागले.

"थांबा, आजोबा! हो म्हणू नका!" केतकी भोपळ्याच्या आणि सुईच्या मध्ये येऊन बसली. "साखर उतरली असेल तर?"

"तसं का वाटतं तुला?"

"माहीत नाही... पण परिचरलाही माहीत नाही ना! तो जुन्या आजारावरून सांगतोय."

आजोबांनी परिचरला हाताने थोपवलं. "बाय, भराभर विचार करू. इन्सुलिन काय करतं?"

"रक्तातली साखर पेशींच्या आत जाऊ देतं. साखर म्हणजे पेशींचं इंधन."

"आणि ते कमी पडलं तर?"

"साखर रक्तातच साचते. पेशी उपाशी राहतात. म्हणून साखर वाढली तरी तो गळून जातो."

"आणि इन्सुलिन जास्त झालं तर?"

"सगळी साखर आत ओढली जाते, रक्तात काही उरत नाही. मग मेंदूला..." ती अडखळली. "मेंदूला इंधन मिळत नाही."

"बरोबर. मेंदू सगळ्यात आधी घाबरतो, कारण तो आपल्याजवळ इंधनाचा साठा फारसा ठेवत नाही. म्हणजे दोन उलट आजार आणि वरून दिसायला जवळजवळ सारखे. आता सांग, आपण चुकलो तर काय होईल? साखर वाढलेली आहे आणि आपण चुकून थोडी गोड वस्तू दिली, तर?"

"आणखी थोडी वाढेल."

"तासाभराने ती उतरवता येईल. आणि साखर उतरलेली असताना इन्सुलिन दिलं तर?"

केतकी उठली आणि स्वयंपाकघराकडे पळाली. मधाची बाटली घेऊन ती परतली, पण घट्ट बसलेलं झाकण निघेना. आजोबांनी ते दाताने काढलं.

"तोंडात ओतू नको," ते म्हणाले. "त्याला गिळता येत नाहीये, फुप्फुसात जाईल. बोटाला मध लावून ओठांच्या आत, हिरड्यांवर चोळ. थोडा थोडा. दातांच्या मध्ये बोट घालू नको हां. शुद्धीत नसताना तो चावला तर त्याला कळणारसुद्धा नाही."

केतकीने एक बोटभर मध चोळला. हिरड्या गार लागत होत्या आणि फिकट दिसत होत्या. दुसरं बोट. तिसरं. भोपळ्याचे पाय हलतच होते.

"सूचना," परिचर म्हणाला. "हा उपचार माझ्या निदानाच्या विरुद्ध आहे."

"मला माहीत आहे!" केतकी ओरडली. मग तिचाच आवाज खाली आला. "आजोबा, मी चुकले असेन तर?"

"तर ती चूक आपल्याला निस्तरता येईल. म्हणूनच ही निवडली. चोळत राहा."

खिडकीवर खारं पाणी आपटत होतं. आजोबांनी भोपळ्याभोवती आपली शाल गुंडाळली. केतकी त्याच्या कानाशी त्याचं नाव घेत राहिली. किती वेळ गेला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. मग पायांची हालचाल मंदावली आणि थांबली. केतकीने त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. श्वास चालू होता, आणि आधीपेक्षा संथ होता.

भोपळ्याची जीभ बाहेर आली. त्याने ओठावरचा मध चाटला.

"आजोबा..."

"बघतोय गो. बघतोय मी."

थोड्या वेळाने भोपळ्याने मान उचलली, केतकीकडे पाहिलं आणि अगदी बारीक, नाराज आवाजात म्यांव केलं. केतकी रडायला लागली. तिने उकडलेल्या माशाचे तुकडे पुढे केले, ते त्याने पडल्या पडल्याच खाल्ले. पोटात गेलेलं हे जेवण आता साखर टिकवून धरणार होतं.

संध्याकाळी आजोबांनी अँटेना सरळ केला तेव्हा पडद्यावर डॉक्टर ज्यूलिएट फर्नांडिस दिसल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच विचारलं, "संध्याकाळचं इन्सुलिन दिलं नाहीत ना? देऊ नका. त्याच्याजवळ कोणीतरी बसून राहा, साखर पुन्हा उतरू शकते. वारा पडला की त्याला घेऊन या. आणि केतकी, हल्ली तो पाणी किती पितो?"

केतकी विचारात पडली. "आधी सारखं पाणी प्यायचा, भांडं भरून भरून कंटाळा यायचा. हल्ली संध्याकाळपर्यंत अर्धं उरतं. मला वाटलं, हवा गार झालीय म्हणून."

"परिचर, साखरमापकाचे आकडे उतरत होते का?"

"हळूहळू उतरत होते," परिचर म्हणाला. "पण धोक्याच्या रेषेखाली एकदाही गेले नाहीत. म्हणून मी कळवलं नाही."

"तिथेच आहे सगळं," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तात साखर जास्त असली की ती लघवीतून बाहेर पडते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून मधुमेही मांजराला सारखी तहान लागते. याची तहान कमी झाली, म्हणजे साखर आधीच ताळ्यावर आलेली होती. मग तेवढंच इन्सुलिन आज जास्त झालं."

"पण साखर आपोआप ताळ्यावर कशी आली?"

वारा पडल्यावर, दोन दिवसांनी, दवाखान्यात भोपळ्याची तपासणी करताना डॉक्टरांनी ते उलगडून सांगितलं.

"इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडात (जठरामागे असलेली एक ग्रंथी). भोपळ्याचं वजन फार वाढलं होतं, त्यामुळे त्याला इन्सुलिन जास्त लागायचं. ते बनवता बनवता स्वादुपिंडातल्या पेशी दमल्या. होडीत एकच वल्हेकरी असावा आणि ओझं वाढतच जावं, तसं. आपण बाहेरून इन्सुलिन दिलं, म्हणजे दुसरा वल्हेकरी बसवला. कोरडा खाऊ बंद करून मासे सुरू केले, वजन उतरवलं, म्हणजे ओझं कमी केलं. पहिल्याला विश्रांती मिळाली आणि तो उठून पुन्हा वल्हं मारू लागला."

"आणि दोघांनी मिळून जोर लावला, म्हणून होडी खडकावर गेली!" केतकी म्हणाली.

"अगदी. याला शमन म्हणतात (आजार आटोक्यात येऊन औषधाची गरज न उरणं). काही मांजरांमध्ये ते होतं. मात्र आजार परतूही शकतो. म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने कमी-जास्त करायचं नाही, मला विचारूनच. साखरमापक राहील आणि मासेही राहतील."

आजोबा सोबत आणलेल्या परिचरची मागची झडप उघडून बसले होते. "याला मी नेहमी उत्तर द्यायला शिकवलं," ते पुटपुटले. "आता 'मला नक्की माहीत नाही' हेही शिकवतो. आणि आकडे हळूहळू सरकत असतील तर रेषा ओलांडायची वाट न बघता सांगायचं, तेही."

इन्सुलिन आधी कमी झालं आणि काही आठवड्यांनी डॉक्टरांनी ते बंद केलं. त्या दिवशी केतकीने त्यांना विचारलं, "हे काही मांजरांमध्येच का होतं? सगळ्यांमध्ये का नाही?"

"थोडं कळलंय, बरंच कळायचं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ते शोधायचं तर पुष्कळ मांजरं बघावी लागतील, वर्षानुवर्षं. ओरबाडूनही घ्यावं लागेल."

भोपळ्या तपासणीच्या टेबलावरून उडी मारून थेट औषधांच्या कपाटावर चढला होता. त्याला खाली काढायला केतकी खुर्ची ओढत म्हणाली, "चालेल मला."