तांदळातलं नाव

मृणालीच्या विज्ञानाच्या बाईंनी वहीत दोन वेबसाइट लिहून दिल्या होत्या. एक आनुवंशिकता चित्रांतून समजावणारी, दुसरी वंशवृक्ष मांडायची. कामतघर वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत संगणक देवघराला लागूनच होता. आजीची पोथी आणि नातीचा प्रकल्प एकाच उदबत्तीच्या वासात चालायचे.

"आजी, जीभ गुंडाळून दाखव."

"उपास आहे गं माझा."

"खायची नाहीये, गुंडाळायचीये!"

कमळताईंनी हसत दाखवली. मग कानाची पाळी: चिकटलेली. मृणालीने नोंद केली आणि वंशवृक्षातला वरचा चौकोन उघडला. "तुझ्या आईचं माहेरचं नाव?"

शेजारच्या कापड कारखान्यातले लूम खडखडत होते.

"माहीत नाही बाळा."

कमळताई अकरा दिवसांच्या असताना आई गेली. लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं 'लक्ष्मी' एवढंच नाव मागे उरलं. वडिलांनी दुसरं लग्न केलं, तिचंही नाव लक्ष्मीच ठेवलं. तिला कमळताई मावशी म्हणत; तीही सवाष्णच गेली. दर अविधवा नवमीला लक्ष्मीच्या नावाने पान वाढताना कमळताईंचा हात अडखळे. हे पान नेमकं पोचतं कुणाला? आजोळ तर केव्हाच तुटलेलं. आईची खूण एकच: शेताच्या जुन्या कागदावरचा अंगठा, मधोमध विळा लागल्याची तिरपी रेघ. तिला अक्षरओळख नव्हती.

मृणालीने चौकोन रिकामा सोडला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन तिने साइट उघडली आणि ओरडली, "आजी, तू लिहिलंस हे?"

"मला तो माऊस तरी धरता येतो का?"

"मग? पासवर्ड फक्त मला माहितीये." तिने इंग्रजी अक्षरं लावून वाचली. "चंद्री. गाव दापोडे."

कमळताईंनी रिक्षा केली. दापोड्याला गोदामांच्या मागे, जुन्या आळीत, जानकीबाई नावाची म्हातारी भेटली. नाव ऐकताच ती जवळ सरकली.

"चंद्री माझी मैतरीन. ता नाव तुला कुनी सांगितला?"

"नातीने," कमळताई म्हणाल्या, आणि अर्धं खोटं बोललो म्हणून मनात देवाची क्षमा मागितली.

म्हातारीने त्यांच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली. धरूनच ठेवली.

"कान पन तिचाच हाय गो, बाय."

नवमीला घरात कमळताई एकट्याच होत्या. मुलगा-सून ड्युटीवर, मृणाली शाळेत. त्यांनी पान वाढलं: खीर, वडे, अळूची भाजी. शेजारी ताटात तांदूळ पसरले. अंगठीने, सावकाश, लिहिलं: चंद्री.

"आई," त्या म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी तशी हाक मारली. "जेव गं."

दार लोटून त्या ओटीवर बसल्या. जप सुरू केला.

एकशे आठावा मणी आला आणि वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले.

आत भांड्याचाही आवाज नव्हता.

त्या उठल्या. दार ढकललं.

पान जसंच्या तसं होतं. खीर हलली नव्हती.

तांदळात नाव होतं.

नावाच्या खाली, कागदावर सही करतात त्या जागी, अंगठ्याएवढा खळगा पडला होता. त्याच्या मधोमध दाण्यांची एक तिरपी रेघ उंच राहिली होती.