नंतर आठवण करा

ही गोष्ट खरी आहे.

ज्याच्याबाबतीत घडली तो ढापण्या माझा मित्र. त्याला थापा मारता येत नाहीत. शाळेत आजारपणाच्या चिठ्ठीतसुद्धा त्याने 'बरं वाटतंय' असं लिहिलं होतं.

भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांची आधीच माफी मागतो. हे भरदुपारी घडलं. लख्ख उन्हात. तिसऱ्या मजल्यावर, ढापण्याच्या काकूच्या बैठकीच्या खोलीत.

काका भूगोलाचे मास्तर. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. मागे राहिली काकू आणि एक म्हातारा लॅपटॉप. त्यात काकांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेले धडे होते. काकू रोज जेवण झालं की एक धडा ऐकायची. नद्या, वारे, खडक. खडकांत तिला काडीचा रस नव्हता. आवाज त्यांचा होता, बस.

पण लॅपटॉप आता दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. धडा मध्येच अडकायचा.

दोष काकांचाच. अपडेटची पाटी आली की ते घसा खाकरायचे आणि 'नंतर आठवण करा' दाबायचे. वर्षानुवर्षं. डॉक्टर म्हणाले, छाती तपासून घ्या, तेव्हाही काका म्हणाले, "बघू नंतर."

नंतर उरलंच नाही.

"काकू, नवी सिस्टीम टाकतो. घोड्यासारखा पळेल बघ," ढापण्या म्हणाला. त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आधी विचारतो, "कॉपी काढलीये ना?"

पण घरचं काम म्हटलं की माणूस गाफील. कॉपी न काढताच त्याने 'आत्ता' दाबलं.

"धडे जाणार नाहीत ना रे?"

"काकू, मी काय आज शिकतोय का हे?"

काकू कपबशा विसळायला आत गेली.

आणि अर्ध्यात गाडी अडली.

पंखा घरघरला... थांबला. स्क्रीन काळी. मग अक्षरं उमटली. 'बदल मागे घेत आहोत. संगणक बंद करू नका.'

धडे उडाले तर काकूला तोंड कसं दाखवायचं? माणूस एकदा गेला होताच. आता आवाजही ढापण्याच्या हातून जाणार होता.

तेवढ्यात...

कुणीतरी घसा खाकरला.

"काकू, तू खोकलीस?"

"मी कशाला खोकू?" आतून आवाज आला.

लॅपटॉपचा स्पीकर केव्हाच मेला होता. काकू वेगळा छोटा स्पीकर जोडायची. तो टेबलावर होता. त्याची वायर ढापण्यानेच काढून गुंडाळून ठेवली होती.

स्क्रीन उजळली. जुनी सिस्टीम परत आली होती. धडे जागेवर! ढापण्याने देवाचे आभार मानले आणि निमूट पेनड्राइव्ह लावला.

कॉपी करताना त्याला दिसलं... एक धडा जास्त होता.

तारीख आजची.

त्याने स्पीकर जोडला. तो धडा लावला.

आधी त्याचाच आवाज. "मी काय आज शिकतोय का हे?" मग कपबशांची किणकिण. आणि अगदी जवळ, कानाशी... कुणाचा तरी श्वास.

मग काका बोलले.

"गाढवा, आधी कॉपी काढावी."

ढापण्याला शिवी ओळखीची वाटली. म्हणूनच जास्त भीती वाटली.

"आणि हिला म्हणावं, आटप आता. किती वेळ दारात उभं राहू?"

आत कपबशांचा आवाज थांबला.

"आले हो," काकू म्हणाली.

काका बूट घालून दारातून ओरडायचे, तेव्हा ती जन्मभर असंच म्हणत आली होती. ती हात पुसत बाहेर आली. ढापण्याकडे तिने बघितलंच नाही. दारापाशी जाऊन चपला घातल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. ढापण्याने तिचा हात धरला.

बर्फ.

लॅपटॉपवर पाटी आली होती. मजकुराची जागा कोरीच. खाली फक्त दोन बटणं. 'आत्ता' आणि 'नंतर'.

बाण आपोआप सरकत होता... 'आत्ता'कडे.

ढापण्याने झेप घेऊन माउस पकडला. ओढला. बाण हलेना. पलीकडून कुणीतरी तितक्याच जोराने ओढत होतं.

त्याने सगळा जीव लावला.

टक.

'नंतर.'

काकूने डोळे मिचकावले. "अरे, मी चपला कशाला घातल्या?"

तेव्हापासून ती पाटी रोज येते. जेवणानंतर, धड्याच्या वेळी. ढापण्याने बॅटरी काढून पाहिली, वायर उपटून पाहिली. तरी येते. म्हणून तो रोज दुकान बंद करून धावत जातो आणि 'नंतर' दाबतो. दुकानाबाहेर पाटी लावलीये, 'मालक जेवायला गेले आहेत.' तो वाळत चाललाय.

परवा काकू म्हणाली, "तुझी फार दगदग होते रे. मला माउस धरायला शिकव ना. एकच तर बटण दाबायचंय."

"कोणतं?"

काकू दाराकडे बघत होती.

"बघू नंतर," ढापण्याच्या तोंडून निघून गेलं.

दारात कुणीतरी घसा खाकरला.

हे मला सांगताना तो उगाच चष्मा पुसत राहिला. उठता उठता मग एवढंच म्हणाला...

काकू आता घरातही चपला घालून बसते.