इंजिनाचा लंगर

तुम्ही हसाल, पण हसण्याआधी सौरवचा गळा एकदा बघून या.

मनीषनगरात माझं मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझं जुनं गिऱ्हाईक असलेल्या मनोहररावांच्या शिडाच्या होडीतलं डिझेल इंजिन काढून बॅटरीवरची मोटर बसवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. होडी कामठीच्या पुढे एका तलावात उभी असायची. इंजिन काढताना मनोहरराव जवळसुद्धा आले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात त्याच इंजिनाच्या चाकात त्यांच्या भावाचा, भैयाजींचा, दुपट्टा अडकला होता. आपल्याकडच्या उन्हात डोक्याचा दुपट्टा यंत्रापाशीही कोणी सोडत नाही. चाकानं त्यांना मान धरून आत ओढलं, ते जागीच गेले.

"भंगारात देऊन टाक गा," मनोहरराव म्हणाले. "पाण्याजवळ नको ठेवू त्याले."

मला त्या लोखंडात फक्त वजन दिसलं. मी ते दोराला बांधून तलावात सोडलं आणि होडीचा लंगर केला. जुगाडाची मस्ती, दुसरं काय! हँडल मारल्याशिवाय ते सुरू व्हायचं नाही, आणि हँडल दुकानात खिळ्याला टांगलेलं होतं.

चाचणी भर दुपारी ठेवली. माझा धाकटा भाऊ सौरव तोंडाला दुपट्टा गुंडाळून लंगर ओढायला पुढे वाकला. मी मोटर अजून सुरूही केली नव्हती.

"दादा... हे काय वाजून राहिलं?"

"कुठं काय?"

"खालून... पाण्यातून..."

धक... धक... धक. होडीच्या फळ्या थरथरायला लागल्या. पाण्यावर काळे बुडबुडे आले, डिझेलचा वास नाकात शिरला. मग दोर उलटा, खाली ओढला जाऊ लागला. सौरवच्या हातांची सालं निघाली. दुपट्ट्याचं टोक दोरात पिळलं गेलं आणि त्याचं डोकं होडीच्या काठावर आदळलं. एकदा, मग पुन्हा. दात फुटल्याचा आवाज मी ऐकला. त्याचा चेहरा पाण्यात गेला. मी त्याच्या पाठीवर गुडघा रोवून सुरीनं दोर कापत होतो. माझी दोन बोटं कापली गेली, ते मला नंतर कळलं. दोर तुटला तेव्हा त्याच्या गळ्याचं कातडं दुपट्ट्यासोबत सोलून निघालं होतं. मी ढसाढसा रडलो.

सौरव वाचला. त्याचा आवाज मात्र गेला.

दवाखान्यातून मी मनोहररावांना घेऊन दुकानावर आलो. कुलूप जसंच्या तसं होतं. मी शटर वर केलं. हँडल खिळ्यावरच होतं, त्यावरून पाणी ठिबकत होतं. मुठीला एक पांढरा दुपट्टा गुंडाळलेला होता.

मनोहररावांनी दुपट्ट्याचं टोक उलटून पाहिलं.

"हा भैयाजीचा हाय," ते हळूच म्हणाले. "त्याच्यासंगच जाळला होता आम्ही..."

मी मुठीला हात लावला. ती गरम होती.