एकाच नावाच्या दोन फायली

“सोमी, ऊठ! आजपासून कॉम्प्युटरला हात लावायचा नाही!” कमलाकांत सर कडाडले.

“सर, मी फक्त टायपिंगच्या प्रोग्रॅममधून बाहेर पडले!”

“मग काय आपोआप बंद पडला? कालच सगळीकडे नवीन डॉस टाकलंय मी!”

पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती : कमांड डॉट कॉम फाईल चुकीची आहे, काम थांबले. डॉस म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आणि कमांड डॉट कॉम ही तिची मुख्य फाईल. त्या ओळीनंतर कुठलंही बटण चालेना.

१९९५ची मे महिन्याची सुट्टी. चिंचणीहून सोमी, जयवंती आणि नवशा रोज एसटीने बोईसरच्या या क्लासला येत. रंगीत पडद्याचा एकुलता एक कॉम्प्युटर सरांनी सोमीला दिला होता. रविवारी पालकांसमोर प्रात्यक्षिकही तीच दाखवणार होती. जयवंती तिच्याएवढीच मेहनत करायची, पण तिचं नाव सरांना धड आठवतही नसे! सोमीचं कौतुक झालं की जयवंतीला ते सहन होत नसे.

आज ती मनातून खूश झाली. ‘आता रविवारी मीच!’

मधल्या सुट्टीत सर चहाला गेले. सोमी पायरीवर डबा न उघडताच बसली होती.

“जयू,” नवशा हळूच म्हणाला, “सकाळी तुझापण असाच बंद पडला ना? मी बघितलं. तू बटण दाबून परत चालू केलास.”

जयवंतीचे कान तापले. क्षणभर तिला वाटलं, नाही म्हणून टाकावं. पण सोमी वळून बघत होती.

“हो,” ती पुटपुटली. “सोमीचा बंद पडायच्या आधीच. मी मुद्दाम गप्प बसले.”

“का गं?” सोमीने विचारलं.

“तुझा राग येतो म्हणून!”

सोमी उठली. “भांडण मग करू. आधी दाखव!”

तिघं आत धावले. जयवंतीच्या कॉम्प्युटरवर छोटा खेळ सुरू करून बंद केला, काही झालं नाही. टायपिंगचा मोठा प्रोग्रॅम बंद केला, लगेच तीच ओळ!

“मोठ्या प्रोग्रॅमला मेमरीत जास्त जागा लागते,” जयवंती विचार करत म्हणाली. “म्हणून कमांड डॉट कॉम बाजूला सरते. नंतर तिला डिस्कवरून परत आणावं लागतं. पण कॉम्प्युटर ती कुठून आणतो?”

कॉम्प्युटर पुन्हा चालू करून तिने यादी काढली. एकाच नावाच्या दोन फायली! बाहेरची १९९४ची, डॉसच्या कप्प्यातली १९९१ची.

“आणि कॉम्प्युटर चालू होतानाच्या सूचनांत पत्ता जुन्या फायलीचा दिलाय!” सोमी ओरडली. “सरांनी नवीन टाकलं, पण जुनी तशीच ठेवली!”

“काय चाललंय?” दारात क्लासच्या प्रमुख मंजुळाबाई उभ्या होत्या, मागे कमलाकांत सर.

जयवंतीने सगळं सांगितलं, स्वतःचं गप्प बसणंही. मग जुन्या फायलीची प्रत फ्लॉपीवर ठेवून तिच्या जागी नवी घातली. टायपिंगचा प्रोग्रॅम उघडला, बंद केला... चालू! पुन्हा केला... चालू!

“हुर्रे!” नवशाने उडी मारली.

सर खजील झाले. “माझीच चूक. सोमी, उगाच बोललो तुला.”

“शाबास, जयवंती!” मंजुळाबाई म्हणाल्या. “रविवारी पालकांना हे तूच समजावून सांग.”

किती दिवस तिला हेच ऐकायचं होतं! पण तिने सोमीकडे पाहिलं.

“दोघी सांगू?”

“सांगू,” सोमी म्हणाली. “पण मी अजून रागावलेली हाय!”

“राहा,” जयवंती म्हणाली, आणि तिने सोमीसाठी शेजारी खुर्ची ओढली.