खाणीतली शिट्टी

"वेंडो, ढकल ना! गोंजारतोयस काय दगडाला?"

"मग तू लाव जोर, पहिलवानीणबाई!"

दगड हलला नाही. झ्लात्काच्या टॉर्चच्या उजेडात नुसती धूळ तरंगत होती. खाणीच्या ज्या तोंडातून तिघं आत आली, तेच बुजलं होतं!

सकाळी जत्रेत गावातला गाश्पारकाका जांभळे स्फटिक विकत होता. "माझ्या आजोबांच्या पेटीतले," म्हणे! पण झ्लात्काने एक उचलून पाहिला, तर त्याला ओली माती, म्हणजे नुकताच खणलेला! सुट्टीच होती. मग काय, ती, चुलतभाऊ वेंडो आणि धाकटा भाऊ इम्रो काकाचा माग काढत बंद पडलेल्या चांदीच्या खाणीत शिरली. भिंतीत जांभळ्या खड्यांची शीर लखलखत होती, मधूनमधून केसासारख्या चांदीच्या तारा. ती खोदायला काकाने छताचा टेकूच अर्धा कापला होता! वेंडोचा खांदा त्याला लागला मात्र, धडाधड दगड कोसळले.

"ताई, वरून अजून खडे पडतायत," इम्रो पुटपुटला.

झ्लात्काने त्याला कुशीत ओढलं. "भिंतीला चिकटून बस, पिल्ला."

वेंडोने दगडावर दगड ठोकला. ठक! ठक! फटीतून चाहूल लागली. अळंबी वेचणारी वेरोनाआजी!

"आजी! आम्ही आत आहोत!"

"अगं बाई, खाणीतले बुटके, ती भुतंच!" बाहेरून घाबरा आवाज आला. "आधी ठोकतात, मग पोरांच्या आवाजात हाका मारतात! ओ द्यायची नाही! ही भाकरी ठेवते, बाबांनो. आमच्या लेकरांना हात लावू नका!"

आणि आजी निघाली!

"आता गं?" इम्रोने तिची बाही ओढली.

"बुटके काय करत नाहीत?" झ्लात्का घाईघाईने म्हणाली. "शिट्टी! शिट्टीने ते पिसाळतात, म्हणून खाणीत कुणीच वाजवत नाही. वेंडो, वाजव!"

"आजोबा सोलतील मला!"

"आधी बाहेर तर निघू!"

वेंडोने अशी शिट्टी मारली, की कान बधिर झाले!

पावलं थबकली. "खाणीत शिट्टी? हा बुटका नव्हे, हा आमचा वाह्यात वेंडोच!"

गाव फावडी घेऊन धावलं आणि दगड उपसून तिघांना बाहेर काढलं. गाश्पारकाका मागे उभा राहून म्हणाला, "कार्टी हूडच!"

"पण टेकू तुम्हीच कापलात ना, काका?" झ्लात्काने मूठ उघडली. हातात ओल्या मातीचा जांभळा खडा. "हा तुमच्या आजोबांच्या पेटीतला का?"

काकाचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, एवढ्याशा कापण्याने काय होतंय..." सरपंचांनी तिथल्या तिथे त्याची करवत काढून घेतली.

मुलांचे आजोबा, जन्मभर खाणीत राबलेले, वेंडोसमोर उभे राहिले. वेंडोने कान झाकले.

"शाब्बास, पोरांनो," आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग हळूच वाकले. "वेंडो, मी जन्मात कधी शिट्टी वाजवली नाही रे. जरा शिकव."

त्यांनी ओठांचा चंबू केला. फुस्स! नुसतीच हवा!