सोळा पानांची धुणंवाली

मागच्या दारावर थाप पडली तेव्हा माझे दोन्ही हात साबणात होते. बाहेर भुरभुर पाऊस. कोपरानंच कडी काढली, तर समोर एक माणूस... खांद्यावर लाकडी फळ्यांचा अवजड सांगाडा, काखेत पिशवी, आणि केसांतलं पाणी थेट नाकावर.

"आज भंगार नाहीये," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात या."

"भंगारवाला नाही हो मी. पुस्तकं बांधतो. मालकीणबाईंनी बोलावलंय."

"मग पुढच्या दारानं यायचं."

"पुढच्या दारानंच मागं पाठवलं."

डोळ्यांत हसू आणि चेहरा मात्र अगदी गंभीर. मला असली माणसं आवडत नाहीत. म्हणजे, तेव्हापर्यंत आवडत नव्हती.

आमचं घर मोठं, पण माणसं तीनच. वर मालकीणबाई, खाली स्वयंपाकाच्या मावशी आणि मी. माडीखालची एवढीशी खोली माझी. गावी भावजयीनं "परत आलीस तर दार उघडणार नाही" असं बजावून पाठवलेलं, त्यामुळे ती खोली हेच माझं घर. घरात नियम एकच होता, पण कडक. पुस्तकांवरची धूळ झटकायची, पुस्तक उघडायचं नाही. माझ्या आधीच्या मुलीनं एक उघडलं, तर त्याच दिवशी तिचं बोचकं दाराबाहेर गेलं.

मी रोज उघडत होते. धूळ झटकता झटकता चार-चार ओळी.

बाइंडरला आधी एकच पुस्तक दिलं होतं. ते पसंत पडलं, तर चारही कपाटं त्याची, म्हणजे वर्षभराचं काम. पुस्तक होतं मालकीणबाईंच्या जिवापाड आवडीचं, त्यांच्या वडिलांनी दिलेलं. जुनी, जाडजूड कादंबरी, एका श्रीमंत घरातल्या नोकरमाणसांची. त्यानं तिची शिवण उसवली आणि टेबलावर सोळा-सोळा पानांचे गठ्ठे मांडले. त्याच्या भाषेत एकेक गठ्ठा म्हणजे एकेक जुज.

"एवढं जाड आहे, असतं काय ह्यात?" चहा घेताना त्यानं विचारलं.

"तुम्ही वाचलं नाहीत?"

"मी शिवतो. शिंपी काय प्रत्येकाच्या लग्नाला जातो?"

मग मीच सांगायला लागले. दुपारी मालकीणबाई झोपल्या की पानं चिकटवायच्या खळीच्या आंबूस वासात उभी राहून मी गोष्ट सांगायची आणि तो दोरा ओवायचा. मधेच त्याची सुई हवेत थांबायची.

"थांबलात का?"

"तुम्ही थांबलात म्हणून."

आणि मग दोघंही उगाचच खिडकीबाहेर बघायचो.

एका संध्याकाळी तो गेल्यावर मी टेबल पुसत होते. वरच्याच जुजात एक धुणंवाली भेटली आणि पाय तिथून हलेनात. जुज पदराखाली घेतलं. सकाळी तो यायच्या आत परत ठेवायचं, एवढंच मनात होतं. पण सकाळी मालकीणबाईंनी गच्चीवर ब्लँकेटं वाळत घालायला पिटाळलं. दुपारी खाली आले, तर त्या स्वतःच त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. "आज शिवून झालंच पाहिजे." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेवटची गाठ मारली.

माझी सोळा पानं माझ्याच गादीखाली! पुस्तक त्याच्या फळ्यांच्या दाबात चार दिवस वाळणार आणि शुक्रवारी मालकीणबाई ते वाचायला घेणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सांगायचंच असं ठरवून गेले, आणि सांगितली काय, तर धुणंवालीची गोष्ट! लेसचा टेबलक्लॉथ जळतो, सगळे स्वयंपाकघरातल्या पोरीला धरतात, तेव्हा ही कुणीच न बोलावता ओल्या हातांनी दिवाणखान्यात येते. म्हणते, इस्त्री माझ्या हातात होती. तिला काढून टाकतात. गाठोडं उचलून ती फाटकाबाहेर जाते, आणि पुढं चारशे पानांत तिचं नावसुद्धा नाही.

"तिला कुणी विचारलं होतं?" तो म्हणाला.

"नाही ना! तेच तर!"

किती रुबाबात म्हणाले मी. आपलं झाकून.

गुरुवारी मावशींना गादीखाली पानं सापडली. "चुलीत घाल," म्हणाल्या. "तो पुरुषमाणूस आहे, दुसरं काम मिळेल. तुला कोण ठेवणार?" मी पानं चुलीपर्यंत नेली. खरं सांगते, नेली. मग परत आणली.

शुक्रवारी मालकीणबाईंनी दोघांनाही दिवाणखान्यात बोलावलं. लाल कापडाचं ते देखणं पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडं होतं.

"माझी धुणंवाली कुठंय?" त्यांनी विचारलं. "सोळा पानं नाहीत ह्यात!"

बाइंडरनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग मान खाली घातली.

"माझ्याकडून गहाळ झाली, बाई."

"चालते व्हा. कपाटांना हात लावायचा नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तुला काही ठाऊक आहे ह्यातलं?"

मी मान हलवली... नाही म्हणून.

तो खाली बसून दाभण, दोरे, सुऱ्या पिशवीत भरायला लागला. एकेक वस्तू फडक्यात गुंडाळत होता. त्याला मुळी घाईच नव्हती. शेवटची सुरी पिशवीत गेली तशी मी धावत खोलीत गेले आणि पानं आणून मालकीणबाईंच्या मांडीवर ठेवली.

"मी घेतली. वाचायला. त्यांचा काही दोष नाही."

मालकीणबाईंनी पानांवरून हात फिरवला. एकही मुडपलं नव्हतं.

"आत्ता विचारलं तेव्हा नाही म्हणालीस."

"हो. धुणंवालीला तर कुणी विचारलंही नव्हतं. मला विचारलंत, तरी मी खोटं बोलले." मला रडू आवरेना. "लाज वाटते मला माझी."

त्यांनी पानं सारखी करून पुस्तकावर ठेवली. मग बाइंडरला म्हणाल्या, "उसवा आणि पुन्हा शिवा. कपाटं तुमची." आणि माझ्याकडे न बघता, "नियम तो नियम. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर."

फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभी होते. डावीकडे जावं की उजवीकडे, तेही कळत नव्हतं. मागून धावत पावलं आली.

"कुठं निघालीस?"

तुम्हीवरून तूवर कधी आला, ते त्यालाही कळलं नसावं.

"बघते कुठंतरी."

"एक सांगायचंय. त्या दिवशी... माझी मोजणी चुकली नव्हती."

"म्हणजे?"

"शिवण्याआधी मी दोनदा मोजतो. एक जुज कमी होतं, ते तुझ्याकडेच असणार हेही माहीत होतं. पण बाई शेजारी बसलेल्या. विचारलं असतं, तर तुझं बोचकं त्याच दिवशी बाहेर पडलं असतं. म्हणून तसंच शिवलं."

मी भडकलेच. "आणि चार दिवस गंमत बघत बसलास? मला सांगायला काय झालं होतं?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो."

मी विचारलं, "आणि सांगितलंच नसतं तर?"

"तरी आलो असतो तुझ्या मागं." तो आता हसत नव्हता. "पण आजच्याइतक्या आनंदानं नाही. तू आवडतेस मला. पहिल्या दिवशी हाकललंस तेव्हापासून. घरी आई आहे, बहीण आहे. बहिणीच्या खोलीत राहा. लग्नाचं... तू म्हणशील तसं."

"दया येते म्हणून विचारतोयस?"

"दया आली असती, तर दुसऱ्याच दिवशी गुपचूप पानं मागून घेतली असती."

मी पिशवी त्याच्या हातात दिली. "आधी बाईंचं पुस्तक नीट शिवून दे. मग विचार. किती दिवस लागतात?"

"चार."

"मग चार दिवसांनी."

ह्या माणसानं कधी कुठल्या कामाची घाई केली नव्हती. ते पुस्तक त्यानं दोन दिवसांत शिवलं, आणि ते दाबात वाळत ठेवून तिसऱ्या दिवशी सकाळी, मी राहत होते त्या त्याच्या बहिणीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. खळीनं माखलेले हात मागं लपवत त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.